आकडा येतो, अर्थ फाइलीत राहतो

पडद्यावर एकच ओळ होती. डावीकडे टिंबांनी जोडलेली आकड्यांची लांबलचक माळ, मग बरोबरचं चिन्ह, मग 'इंटिजर' हा शब्द आणि त्यापुढे २१६४.

तालुक्याच्या गावातल्या आमच्या एका शाखेतल्या यूपीएसनं दिलेलं हे उत्तर. मी विचारलं आणि त्यानं लगेच सांगितलं. पण २१६४ काय? तास? दिवस? बॅटरी आजवर किती वेळा चार्ज झाली ते? रात्रीचे नऊ वाजून गेले होते, ऑफिसात मी आणि वॉचमन दोघंच. त्या एका आकड्याकडे मी बराच वेळ बघत बसले.

सांगली जिल्ह्यातल्या एका सहकारी बँकेचं नेटवर्क मी सांभाळते. मुख्य कार्यालय सोडून एकोणतीस शाखा. प्रत्येक शाखेत एक राउटर, एखाददुसरा स्विच, एक यूपीएस. ही सगळी यंत्रं ठीक आहेत ना, हे इथं बसून कळायला हवं, कारण शाखेचं नेटवर्क बंद पडलं की पेन्शन काढायला आलेली म्हातारी माणसं बाकावर ताटकळत बसतात. त्यासाठी दर पाच मिनिटांनी आमचा एक सर्व्हर प्रत्येक यंत्राला हाक मारतो आणि खुशाली विचारतो. ही विचारपूस ज्या रीतीनं होते तिला एसएनएमपी म्हणतात. १९८८ सालची ही रीत. तेव्हा ती तात्पुरती सोय म्हणून पुढं आली होती. यापेक्षा भारदस्त पद्धत लवकरच येईल आणि हिची जागा घेईल, असंच त्या वेळच्या जाणकारांनी लिहून ठेवलं होतं. ती भारदस्त पद्धत मागं पडली आणि ही सोय अजून चालू आहे.

या कामात नवीन आलेल्या पोरांना मी पहिल्याच दिवशी एक गोष्ट सांगते, आणि ती त्यांना पटकन पटत नाही. यंत्र कधीच नाव सांगत नाही. ते फक्त आकडे सांगतं. 'मी किती वेळ चालू आहे' असा प्रश्न तारेवरून जात नाही. जातं ते १.३.६.१.२.१.१.३.० आणि परत येते एक संख्या. त्या माळेचा अर्थ 'सिस-अपटाइम', आणि ती संख्या सेकंदाच्या शंभराव्या भागात मोजायची, हे यंत्राकडून येत नाही. ते एका साध्या मजकुराच्या फाइलीत लिहिलेलं असतं, आणि ती फाइल विचारणाऱ्याकडं असावी लागते. तिचं नाव मिब. लांब नाव मॅनेजमेंट इन्फर्मेशन बेस, पण ते कुणी घेत नाही.

माझं आजोळ जत तालुक्यात. सुगी आटोपली की तिकडं हेळवी यायचा. बैल दारात उभा करायचा, आजी सोप्याच्या पायरीवर येऊन बसायची, आणि हेळवी चोपडी उघडून आमच्या आजोबांची कुळी म्हणायला लागायचा. मूळ पुरुष कोण, कुठल्या गावाहून आला, त्याला मुलगे किती, थोरला कुठं गेला, धाकट्याची वाट कुठल्या गावाला वळली. एकेक पिढी उतरत उतरत तो आमच्या उंबऱ्यापर्यंत यायचा. मग विचारायचा, "आई, औंदा नवीन काय?" आजी नवं नाव सांगायची. तो ते लिहून घ्यायचा. सुपातून जोंधळे घालायचे, बैलाला वैरण, आणि तो पुढच्या घरी.

यंत्राला विचारताना जाते त्या आकड्यांच्या माळेला ओआयडी म्हणतात. ती मला पहिल्यांदा समजली ती या हेळव्यामुळं. ती संख्या नाहीच, ती कुळी आहे. पहिला १ म्हणजे आयएसओ ही आंतरराष्ट्रीय मानक संस्था. तिच्या पोटी ३, म्हणजे तिनं मान्यता दिलेल्या संघटना. त्यातला ६ म्हणजे अमेरिकेचं संरक्षण खातं. त्याच्या पोटी १, इंटरनेट. तिथून वाटा फुटतात: २ कडं गेलं की सगळ्यांसाठी ठरवलेली समाईक माहिती, ४ कडं गेलं की खासगी. खासगीच्या खाली १, आणि मग कंपन्यांची घरं. सिस्कोचं घर ९, एचपीचं ११, मायक्रोसॉफ्टचं ३११, एपीसीचं ३१८, मायक्रोटिकचं १४९८८. हे क्रमांक आयाना ही संस्था फुकट देते, जो मागेल त्याला, मागेल त्या क्रमानं, आणि आता ते ६० हजारांच्या पुढं गेले आहेत.

या कुळीतली एक जागा मला फार आवडते. संरक्षण खात्यानं आपल्या पोटी इंटरनेटला जागा दिल्याचं तेव्हा कुठंच ठरलेलं नव्हतं. ते खातं आपल्या शाखेचं काय करणार हे अजून कळलेलं नाही, तरी ते इंटरनेटला एक जागा देईल असं आम्ही गृहीत धरतो, असं मूळ दस्तऐवजात सरळ लिहिलंय. त्या गृहीतकावर आज जगभरचे राउटर, स्विच, प्रिंटर आणि आमच्या शाखेतला यूपीएस उभे आहेत.

तर या मिब फाइली बसवायच्या कशा. ज्यांनी लिनक्सवर हे केलंय त्यांना पहिल्या दिवसाचा गोंधळ आठवत असेल. डेबियन किंवा उबुंटूवर एसएनएमपीची साधनं टाकली, स्विचला हाक मारली, की नुसत्या आकड्यांच्या माळा येतात, सुरुवातीचा 'आयएसओ' सोडला तर नाव म्हणून एक दिसत नाही. माणसाला वाटतं आपलंच काही चुकलं. चुकलेलं काही नसतं. त्या फाइलींचे परवाने डेबियनच्या मुक्त सॉफ्टवेअरच्या नियमात बसत नाहीत, म्हणून त्या सोबत दिलेल्याच नसतात. 'नॉन-फ्री' विभागातून (उबुंटूवर 'मल्टिव्हर्स'मधून) त्या उतरवून घेणारं पॅकेज वेगळं टाकावं लागतं. ते टाकूनही आकडेच येतात, कारण एसएनएमपीच्या कॉन्फिगरेशन फाइलीत एक ओळ असते, 'मिब्स' आणि पुढं नुसता विसर्गासारखा कोलन. कुठलीच मिब वाचू नकोस, असा तिचा अर्थ. तिच्या आधी हॅशचं चिन्ह टाकून ती झाकायची. मग एकदम पडदा बोलायला लागतो. पहिल्यांदा 'आयएफ-डेस्क्र', 'आयएफ-ऑपर-स्टेटस' अशी नावं ओळीनं खाली उतरताना पाहिली तेव्हा मी खुर्चीतून उठून उभी राहिले होते.

समाईक मिब अशा आल्या, की कंपन्यांच्या आणायच्या. इथं नात्यागोत्याचा प्रश्न येतो. प्रत्येक मिबच्या वरच्या भागात 'इम्पोर्ट्स' असतं: मी अमुक शब्द तमुक फाइलीतून घेतलाय. ती दुसरी फाइल तिसरीचं नाव सांगते. सिस्कोची जवळपास कुठलीही फाइल टाका, तिला आधी सिस्कोची एसएमआय नावाची मूळ फाइल हवी असते. एक जरी नातेवाईक गैरहजर असला तरी 'मॉड्यूल सापडत नाही' म्हणून ओळ येते आणि त्याच्या जिवावरची सगळी नावं पुन्हा आकडे होऊन बसतात. शोध घेताना पोरं फाइलीचं नाव बघतात. नाव काहीही असू द्या, मिब वाचणारा प्रोग्रॅम, नेट-एसएनएमपी, ते बघत नाही. आत, 'डेफिनिशन्स' या शब्दाच्या आधी जे लिहिलंय तेच खरं नाव. पीडीएफमधून मजकूर उचलून फाइल केली असेल तर अवतरणचिन्हं वाकडी आलेली असतात, ती सरळ करायची. नावांत अंडरस्कोर चालत नाही, तरी काही कंपन्या तो घालतातच. हे सगळं किचकट आहे, खरंय. पण मी कुणाला इंटरनेटवरून हजारो मिबचा गठ्ठा उतरवून एका फोल्डरमध्ये ओतू देत नाही. आपल्याकडं जी यंत्रं आहेत त्यांच्याच फाइली, त्यांच्याच फर्मवेअरच्या जोडीच्या, आणि आणणाऱ्यानं त्या वाचलेल्या.

वाचलेल्या, हे मी मुद्दाम म्हणतेय. मिब न वाचताही मॉनिटरिंग चालतं. आकड्यांची माळ टेम्पलेटमध्ये चिकटवली की आलेख सुरू होतो. आमचाही असाच सुरू होता. मुख्य कार्यालयातल्या सर्व्हरांचा रात्रीचा बॅकअप पहाटेपर्यंत रेंगाळायचा, आणि कोअर स्विचचा आलेख सांगायचा की एक गिगाबिटच्या वाटेवरून जेमतेम शंभर मेगाबिट जातंय. मग दोष कुणाचा? बॅकअपच्या सॉफ्टवेअरचा. त्या लोकांना आम्ही सहा महिने पत्रं लिहिली. शेवटी एका दुपारी मी मिब उघडून 'आयएफ-इन-ऑक्टेट्स'ची, म्हणजे पोर्टमधून आत आलेले बाइट मोजणारी नोंद वाचली. प्रकार: काउंटर-३२. म्हणजे ४२९,४९,६७,२९५ पर्यंत मोजायचं आणि पुन्हा शून्यापासून. भरलेल्या गिगाबिट पोर्टवर हा काटा ३४ सेकंदांत पूर्ण फिरतो. आम्ही बघत होतो पाच मिनिटांनी. मधल्या आठ-नऊ फेऱ्या कुणी मोजल्याच नव्हत्या. मी कागदावर भागाकार केला: अशा काट्यानं आणि अशा अंतरानं बघितलं तर आलेख ११५ मेगाबिटच्या वर कधी जाऊच शकत नाही. तार भरून वाहत होती आणि आम्ही ती रिकामी म्हणत होतो. त्याच फाइलीत थोडं खाली 'आयएफ-एचसी-इन-ऑक्टेट्स' आहे, ६४ बिटांचा काटा, याच कामासाठी केलेला. मात्र त्यासाठी एसएनएमपीची जुनी पहिली आवृत्ती सोडून निदान दुसरीनं, व्ही-टू-सीनं, विचारावं लागतं, कारण पहिल्या आवृत्तीत एवढा मोठा काटाच नाही. हे सगळं लिहिलेलं होतं. आम्ही वाचलं नव्हतं. त्या सॉफ्टवेअरवाल्यांना मी नंतर फोन करून माफी मागितली.

तेव्हापासून मी प्रत्येक नोंदीचं 'डिस्क्रिप्शन' वाचते. नोंदीत बाकी सगळं यंत्रासाठी असतं: प्रकार कुठला, नुसता वाचता येतो की बदलताही येतो, चालू आहे की कालबाह्य. डिस्क्रिप्शन तेवढं माणसानं माणसासाठी लिहिलेलं. यूपीएससाठी १९९४ साली सर्वांसाठी एक मिब तयार झाली, आरएफसी १६२८. आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या मानकांचे क्रमांक दिलेले दस्तऐवज. ती मी मन लावून वाचली आहे आणि तिच्या लेखकांबद्दल मला आदर वाटतो. बॅटरीचं तापमान म्हणजे काय? बॅटरीच्या पोटातलं नव्हे, तिच्या खोक्याजवळच्या हवेचं. हा एक खुलासा वाचल्यावर मला कळलं की एका शाखेत सारखं दिसणारं ४१ अंश हा बॅटरीचा आजार नव्हता, ज्या कोंदट कपाटात यूपीएस कोंबला होता त्याचा होता. कपाटाचं दार काढून टाकलं. आणि उरलेली मिनिटं म्हणजे काय? वीज गेलेली असेल किंवा आत्ता गेली, आणि ती आलीच नाही, तर सध्या जेवढा भार आहे त्या भाराला बॅटरी किती वेळ पुरेल, त्याचा अंदाज. 'सध्याचा भार' आणि 'अंदाज' हे दोन शब्द कुणीतरी विचार करून घातले आहेत.

आता २१६४ कडं येते. त्या शाखेतला यूपीएस एका लहान कंपनीचा, आणि त्यातलं नेटवर्क कार्ड या आरएफसीला जुमानत नव्हतं. सगळे आकडे कंपनीच्या स्वतःच्या घरात, मिब असेल तरच उलगडणारे. कंपनी केव्हाच बंद पडलेली. संकेतस्थळाच्या जागी नाव विकायला आहे अशी पाटी. मी शाखेत फोन करून मामांना म्हटलं, यूपीएस आला तेव्हा सोबत एखादी सीडी आली होती का बघा. हे मामा आमच्या शाखेतले शिपाई, निवृत्तीला दोन वर्षं उरलेली. तिसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला. "मॅडम, व्हाउचरच्या कपाटात वॉरंटी कार्डाच्या आत घावली बघा. कुणी टाकून दिली नव्हती."

सीडी ड्राइव्ह शोधण्यात अर्धा दिवस गेला. फाइल निघाली, पण चढेना. चाळीस-बेचाळीसाव्या ओळीपाशी चूक आहे म्हणे. ती ओळ मी पुन्हा पुन्हा बघितली. साधी टीप होती ती, जोड-आडव्या रेषेनं सुरू होणारी: दोन रेषा, 'इनपुट व्होल्टेज', पुन्हा दोन रेषा, आणि पुढं '०.१ व्होल्ट'. मिबच्या व्याकरणात दोन रेषांनी टीप सुरू होते आणि ओळ संपली की संपते, किंवा आधीच दुसऱ्या दोन रेषा आल्या तर तिथंच संपते. लिहिणाऱ्यानं शोभेसाठी दोन्हीकडं रेषा घातल्या आणि पुढचं '०.१ व्होल्ट' टिपेच्या बाहेर पडलं. वाचणाऱ्या प्रोग्रॅमला तो हुकूम वाटला आणि तो अडला. मधल्या दोन रेषा मी खोडल्या. फाइल चढली. आणि ज्यावर सगळं अडलं होतं त्याच तुकड्यात उत्तर होतं: दशांश व्होल्ट. २१६४ म्हणजे २१६.४ व्होल्ट, शाखेत आत येणारी वीज.

एवढ्यानं भागलं नाही. त्या फाइलीत पुढं अकरा नोंदी अशा होत्या की नाव 'रनटाइम' तर डिस्क्रिप्शनही 'रनटाइम'. 'अलार्म सात'चं वर्णन 'अलार्म सात'. असं लिहिणाऱ्यांचा मला खरंच राग येतो. यंत्र तयार करताना त्या माणसाला ठाऊक होतं की अलार्म सात कधी वाजतो. एक ओळ लिहायला किती वेळ लागला असता? कंपनी गेली, तो माणूस गेला, आणि आता पाहिजे तेव्हा अलार्म सात वाजतो आणि ऐकणाऱ्याला काही कळत नाही.

म्हणून एका रविवारी मी स्वतःच त्या शाखेत गेले. बँक बंद, मामा आणि आमचे वायरमन आण्णा हजर. मी लॅपटॉप घेऊन कॅशियरच्या काउंटरवर बसले. रीत सोपी होती: आधी यूपीएसला सगळं विचारून घ्यायचं, उत्तरं फाइलीत ठेवायची, मग एकच गोष्ट बदलायची, पुन्हा सगळं विचारायचं, आणि दोन फाइलींत काय बदललं ते बघायचं.

"मॅडम, करू का बंद?"

"करा मामा."

खटका पडला, यूपीएस टीं-टीं करायला लागला. तीन आकडे बदलले. आण्णांनी मीटरची टोकं लावून व्होल्टेज वाचून दाखवलं, ते मी आकड्यांशी ताडून पाहिलं. मग वीज चालू. मग बॅटरीची वायर. मग पंख्याचं तोंड पुठ्ठ्यानं झाकून, आण्णांचा हात बटणावर तयार ठेवून. अलार्म सात त्या पुठ्ठ्यानंच दाखवला: तो आतला पंखा होता. 'रनटाइम'साठी आधी दोनच कॉम्प्युटर चालू ठेवले, ३१ आलं. मग मामांनी पाचही चालू केले आणि पासबुक छापायचं यंत्रही. १८ झालं. म्हणजे ही मिनिटं, आणि सध्याच्या भारावर. दुपारी अडीचपर्यंत अकरापैकी नऊ नोंदींचा अर्थ लागला. उरलेल्या दोन अजून तशाच आहेत. मामांनी घरून भाकरी आणि खरडा आणला होता, तो तिथंच काउंटरवर खाल्ला.

मूळ फाइल मी जशीच्या तशी ठेवली, कारण ते घर कंपनीचं आहे, भले त्यात आता कुणी राहत नसेल. तिची एक प्रत केली आणि त्या प्रतीत नऊ डिस्क्रिप्शन लिहिली. इंग्रजीत, कारण मिबला साधी रोमन अक्षरंच कळतात. यंत्राच्या 'सिस-लोकेशन'मध्येही गावाचं नाव देवनागरीत लिहिता येत नाही, याची मला दरवेळी चुटपुट लागते. वरच्या भागात 'रिव्हिजन' असते, तारखेसकट. आधीची नोंद २००७ सालची, 'पहिली आवृत्ती' एवढीच. तिच्यावर मी आजची तारीख घातली आणि लिहिलं की ही वर्णनं शाखेत प्रत्यक्ष तपासून भरली आहेत, दोन नोंदी अजून कळलेल्या नाहीत. फाइल गिटमध्ये ठेवली, म्हणजे पुढचा प्रत्येक बदल नोंदलेला राहील. अलर्टचा मजकूर मात्र मराठीत केला, तिथं अडचण नव्हती.

गेल्या महिन्यात वळवाचा पाऊस झाला त्या दुपारी माझ्या फोनवर अलर्ट आला: शाखेची वीज गेली, यूपीएस बॅटरीवर, बावीस मिनिटं. मी बघतेय तोवर मामांचाच फोन.

"मॅडम, लाईट गेली. पेन्शनवाली आठ-नऊ माणसं हायत. किती येळ चालंल ओ?"

"आत्ता जेवढं चालू आहे तेवढंच चालू ठेवलंत तर बावीस मिनिटं, मामा."

पलीकडं थोडा वेळ नुसता पावसाचा आवाज. मग मामा कुणाला तरी म्हणाले, "ते पासबुकाचं मशीन बंद कर, आन् मागचे दोन कॉम्प्युटर बी." पुढची हाक जायची होती ती पाच मिनिटांनी. मी वाट न बघता हातानंच विचारलं. चौतीस आलं.